गुणसूत्रं मोजली तो पावसाळा

आमच्या सोसायटीच्या मागे दोन जुन्या इमारती पाडून पायासाठी मोठा खड्डा खणला, आणि मग बिल्डरचं कुठेतरी अडलं. निळ्या पत्र्यांच्या कुंपणाआड यंदा त्या खड्ड्यात हिरवट पाणी साचलंय. जुलै अर्धा सरला तसे संध्याकाळी दिवे लागले की त्यातून बेडूक ओरडायला लागले. मुलुंडच्या या गल्लीत इतक्या वर्षांत मी ते कधी ऐकले नव्हते. अमोल, माझा नवरा, साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून घरी येतो आणि दारात बूट काढता काढता म्हणतो, "आले गं तुझे पाहुणे." तो हसतो, मीही हसते. पण माझी बोटं गार पडलेली असतात. मी ओट्याशी जाऊन उगाच पाणी पिते.

लोकांना पावसाळ्याने काय काय आठवतं. मला भीती आठवते. ती मनात यायच्या आधी शरीरात येते. आधी बोटं गार पडतात, मग पोटात कुणीतरी मूठ आवळतं, आणि मग कळतं की अरे, हा तो पावसाळा.

त्या वर्षी मी घाटकोपरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि तिथल्याच दामले मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय बेडकांची गुणसूत्रं. गोराईच्या भातखाचरांतला बेडूक आणि मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी डबक्यात सापडणारा बेडूक दिसायला इतके सारखे, की ओंजळीत दोन्ही ठेवले तर कुठला कुठला हे मलाही सांगता येऊ नये. पण त्यांच्या ओरडण्यात बारीकसा फरक होता, आणि तेवढ्यावरून मॅडमना शंका आली होती की हे दोघे एक नाहीत. "चेहऱ्यावर जाऊ नकोस," त्या म्हणायच्या. "नातं आत बघायचं. कोण कोणाचं, ते क्रोमोसोम सांगतात."

वनखात्याची परवानगी बरोबर घेऊन मी सकाळी बोरिवलीहून खाडीपलीकडे गोराईला जायची. होडीतून उतरलं की सुक्या मासळीचा वास, आणि थोडं आत गेलं की एकदम हिरवी शेतं. बांधालगतच्या पाण्यात बेडकांची पिल्लं वळवळत असायची, नुसती शेपटी आणि डोकं. ती चहाच्या गाळणीने पकडून डब्यात आणायची. प्रयोगशाळेत त्यांना काही तास कोल्चिसिनच्या पाण्यात ठेवायचं. हे औषध पेशीला विभागणीच्या ऐन मधोमध थांबवतं. पेशीतली गुणसूत्रं एरवी सुताच्या गुंत्यासारखी असतात. फक्त त्या थांबलेल्या क्षणी ती जाड, आखूड आणि सुटी दिसतात. मग शेपटीचं इवलंसं टोक कापून घ्यायचं. ती शेपटी पुन्हा वाढते, पिल्लू जगतं. त्या टोकातल्या पेशी पाण्याने फुगवायच्या, आम्लात पक्क्या करायच्या, आणि ड्रॉपरने काचेवर उंचावरून एक थेंब सोडायचा. थेंब फुटतो, पेशी फुटते, गुणसूत्रं विखुरतात. रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. सव्वीस. तेरा जोड्या, पाच मोठ्या, आठ लहान. प्रत्येकाला एक चिमटलेली जागा असते, आम्ही तिला कंबर म्हणायचो. कंबर कुठे आहे, वरचा हात केवढा, खालचा केवढा, हे मोजून जोड्या लावायच्या.

गोराईच्या बेडकाची चौथी जोडी मधोमध कंबरेची होती. मुलुंडच्या बेडकाची कंबर एका बाजूला सरकलेली. म्हणजे फार पूर्वी कधीतरी कुणा एकात तो तुकडा मोडला होता, उलटा फिरला होता आणि तसाच जोडला गेला होता. ठाण्याकडचे बेडूक तपासले तर त्यांच्यातही चौथी जोडी तशीच, त्याच जागी उलटलेली. तशी मोड दोनदा वेगवेगळी व्हावी असं सहसा होत नाही. म्हणून मुलुंडचा आणि ठाण्याचा एका घरातले, गोराईचा जरा लांबचा. असं नातं लावायचं. मला ते काम मनापासून आवडायचं. डोळा लावला की बाहेरचं जग बंद व्हायचं.

जूनच्या शेवटी एका दुपारी पिल्लांचं कोल्चिसिनचं पाणी बदलताना मला उजव्या तर्जनीला ओलं लागलं. मी हातमोजा काढून उजेडात धरला. टोकाला टाचणीएवढं भोक होतं. बोट धुतलं, दुसरा मोजा चढवला आणि कामाला लागले. असं व्हायचं अधूनमधून. आठवड्याने कळलं की मी गरोदर आहे, आणि त्या दुपारीही होते.

आधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा नवव्या आठवड्याच्या आत गेलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी एका कागदावर लिहून दिलं होतं, नवराबायको दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी करा. तो कागद मी कपाटाच्या खणात साड्यांच्या खाली ठेवला. अमोलने दोन-तीनदा विचारलं, "जायचं का गं अंधेरीला, ब्लड द्यायला?" मी म्हणायची, परीक्षा होऊ देत, पेपर तपासून होऊ देत, मॅडमचा लेख जाऊ दे. दिवसभर बेडकांची गुणसूत्रं बघणाऱ्या बाईला स्वतःची बघायची हिंमत नव्हती, हे मी त्यालाही सांगितलं नाही आणि स्वतःलाही.

आणि आता हे तिसरं. दहावा आठवडा गेला, बारावा गेला. ते टिकलं. टिकलं तशी माझी भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढत गेली. जे पेशीला मधोमध थांबवतं ते माझ्या बोटाला लागलं होतं, आणि माझ्या आत त्या आठवड्यात पेशी दुपटीने वाढत होत्या. बोटावरच्या थेंबाने एवढं काही होत नाही, हे मला माहीत होतं. विद्यार्थ्यांना मी हे समजावून सांगितलं असतं, फळ्यावर आकृती काढून. पण रात्री झोपताना मी उजवा हात पोटापासून लांब ठेवायची.

मॅडमना सांगावंच लागलं. त्यांनी विचारलं, "मोज्याला भोक होतं हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं ना मॅडम."

त्यांनी त्याच दिवशी माझं टेबल हलवलं. रसायनांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, फक्त आधी काढलेले फोटो संगणकावर बघायचे आणि जोड्या लावायच्या. आम्लाचा व्हिनेगरसारखा वास दाराखालून यायचा आणि मला मळमळायचं. मी जोड्या लावत बसायची आणि प्रत्येक फोटोत मला काहीतरी तुटलेलं दिसायचं. एकदा मी सव्वीसऐवजी सत्तावीस मोजली. परत मोजली, सत्तावीस. मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, ही धूळ आहे."

आई तेव्हा कुर्ल्याहून आमच्याकडे राहायला आली होती. ती अंगणवाडी सेविका होती. सगळा जन्म तिने दुसऱ्यांची लेकरं काट्यावर तोलली आणि वह्यांत वजनं लिहिली. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला होता. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, ओल्या जमिनीवर उगवलेलं आणि सरपटणारं काही पायाखाली येऊ नये म्हणून. आमच्या जवळच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं. आई पांढरी साडी नेसून जायची आणि परत आली की माझ्याजवळ बसायची. नवस, दृष्ट, पायगुण असलं काही आमच्या घरात चालत नव्हतं. वडील रेल्वेत होते, त्यांनी कधी ताईतसुद्धा घरात येऊ दिला नाही. पण एका संध्याकाळी ती म्हणाली, "त्या पिल्लांच्या शेपट्या कापतीस, त्याचं काय नसंल ना गं माय?"

"आई, तू पण?"

"आपलं विचारलं. मी काय देवाचं म्हणत नाही. जीवाला इजा नको, पहिलं शील आपलं तेच हाय म्हणून विचारलं."

मी तिला सांगितलं की शेपटी पुन्हा येते. तिने मान हलवली. मग बराच वेळ ती माझ्या पायाला तेल लावत राहिली, जोर न लावता. भ्याली होती ती. मला ते तिच्या हातांवरून कळत होतं.

बाराव्या आठवड्यातल्या रक्ताच्या तपासणीत आकडे थोडे वर आले. डॉक्टरबाईंनी आधीचे दोन प्रसंग पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "तो कागद दिला होता तुम्हाला. केली होती का तपासणी?" मी नाही म्हटलं. अमोलने माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी अजून त्याची ऋणी आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, सतराव्या आठवड्यात पोटातलं पाणी काढून बाळाच्या पेशी तपासू.

ती सुई लांब असते. मी बघणार नव्हते, पण बघितली. पडद्यावर बाळ एका बाजूला सरकलं होतं, गुडघे वर घेऊन, आणि सुईचं टोक पांढऱ्या रेघेसारखं त्याच्या शेजारी आलं. पिवळसर पाणी सिरिंजमध्ये चढलं. सही करायच्या कागदावर लिहिलं होतं की बाळाचं लिंग सांगितलं जाणार नाही आणि आम्ही विचारणार नाही. बाहेर आल्यावर अमोल म्हणाला, "दुखलं का?" मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "मला दुखलं यार." आणि तिथेच बाकावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घालून.

पेशी वाढायला वेळ लागतो. हे मला पक्कं माहीत होतं. त्या आता बशीला चिकटल्या असतील, आता पसरत असतील, आता कुणीतरी त्यात कोल्चिसिनसारखंच औषध टाकत असेल, आता थेंब उंचावरून काचेवर पडला असेल. अंधेरीच्या त्या प्रयोगशाळेतली प्रत्येक पायरी मला डोळे मिटून दिसायची. न समजणाऱ्या माणसाला नुसती वाट बघावी लागते. मला प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकतं तेही दिसत होतं. फोन वाजला की मी आधी नंबर बघायची, मग श्वास घ्यायची. कुरिअरवाला, बँक, विद्यार्थी. एकदा गोराईच्या शेतमालकाचा फोन आला. आम्ही ज्यांच्या खाचरातून पिल्लं आणायचो ते म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ. "परत आली नाय तू? पाणी उतरायला लागला, पोरी." मी "पुढच्या वर्षी" म्हटलं आणि फोन ठेवला.

अहवाल आला तेव्हा मी विसाव्या आठवड्यात होते. डॉक्टरबाईंच्या टेबलावर ते चित्र होतं. माणसाच्या गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटतात, काळे-करडे, प्रत्येकाचा नमुना वेगळा. बेडकांच्यात तसे नीट येत नाहीत. मी त्या पट्ट्यांकडे बघत बसले. शेवटची जोडी झाकलेली होती, तिच्याकडे मी बघितलंही नाही. त्यांनी बोट ठेवायच्या आधीच मला दिसलं. सहाव्या जोडीतल्या एकाचं खालचं टोक जागेवर नव्हतं. ते अकराव्या जोडीतल्या एकाला जोडलेलं होतं, आणि अकराव्याचं टोक सहाव्याला.

"तुमच्या लक्षात आलंच असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अदलाबदल झालीय," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात असतो तसा होता.

"वरवर पाहता काही कमी नाही, काही जास्त नाही. पण ही अदलाबदल आली कुठून, ते बघावं लागेल. तुमच्यापैकी एकात अशीच असेल तर घाबरण्यासारखं फारसं नाही. तुम्ही ठीक आहात, तसंच बाळही असायला हवं. पण दोघांतही नसेल, बाळातच नव्याने झालेली असेल, तर मग मोडीच्या जागी नेमकं काय तुटलंय ते इथून दिसत नाही. तेव्हा मला छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. आणि निर्णय घ्यायचा झाला तर हाताशी वेळ थोडा आहे."

निर्णय हा शब्द त्यांनी हळू उच्चारला.

दोघांनी रक्त दिलं. घरी येताना रिक्षात अमोल म्हणाला, "माझ्यातच निघू दे."

"तुझ्यात कशाला? दोनदा गेलं ते माझ्या पोटातून गेलं. माझ्यातच असणार."

"काय भांडतेस गं, कोण खराब त्याच्यावरून?" तो म्हणाला आणि हसायला गेला, पण त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. त्या क्षणी आम्ही दोघं खरंच तेच मागत होतो, की आपण मोडलेले निघावं. मूल नव्याने मोडलेलं निघू नये. नव्याने मोडलं असेल तर ते कधी मोडलं, कशाने मोडलं? माझ्या डोळ्यांपुढे टाचणीएवढं भोक यायचं.

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. बाळ त्याच दिवसांत हलायला लागलं. आधी बुडबुड्यासारखं, मग स्पष्ट. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, आणि खरं झालं की ते जाऊ देता येणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. आई भाकऱ्या थापताना मी तिच्यामागे उभी राहून पोटावर हात ठेवायची आणि ते हललं की हात काढून घ्यायची. अमोल वर्कशॉपमधून आला की बाईक धूत बसायचा. धुतलेली बाईक परत धुवायचा. एका दुपारी मी कॉलेजात मॅडमसमोर बसले होते आणि म्हटलं, "मॅडम, अंधेरीला माझी स्लाइड असेल. मी जाऊन बघू का? मला वाचता येते."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुला धूळ दिसते सध्या."

मग त्यांनी टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला. उजवाच. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता. "थेंबाने असं होत नाही, सुजाता. तुला माहितीय."

"माहितीय."

"तरी वाटतं."

"हो."

आश्विन पौर्णिमेच्या दुपारी फोन आला. आई विहारात जायला निघाली होती, वर्षावासाची सांगता होती. डॉक्टरबाई थेट म्हणाल्या, "तुमच्यात आहे. सहा आणि अकरा. त्याच जागा, तोच तुकडा. बाळाला तुमच्याकडून आलंय."

मी फोन खाली ठेवला आणि जमिनीवर बसले. आई धावत आली. तिला वाटलं, गेलं. तिने माझे खांदे धरले. "काय झालं? काय म्हणलं डॉक्टर? बोल ना माय!"

"माझ्यात आहे, आई. माझ्यात आहे. बाळ ठीक आहे."

तिला नीट कळलं नाही, पण मी रडता रडता हसत होते ते तिने बघितलं. अमोलला फोन लावला तर मागे लेथ मशीनचा आवाज होता. तो म्हणाला, "मोठ्याने बोल." मी मोठ्याने म्हटलं, "मी खराब निघाले!" त्याने मशीन बंद केलं असावं, कारण एकदम शांत झालं, आणि मग मला त्याचं रडणं ऐकू आलं.

त्या संध्याकाळी आई विहारात गेली नाही. मी तिला कागदावर दोन रेघा काढून समजावलं. इथून तुटलं, तिथे जोडलं. तिथून तुटलं, इथे जोडलं. माझ्यात सगळं आहे, फक्त जागा बदललीय, म्हणून मी धडधाकट. पण माझ्या मुलात कधी त्या बदललेल्या दोघांपैकी एकच जातं, दुसरं जात नाही, आणि मग ते टिकत नाही. आधीची दोन तशीच गेली असणार. ती ऐकत होती. मग म्हणाली, "माझी बी दोन गेली होती. तुझ्या आधी."

मला हे माहीत नव्हतं.

"तुझी आजी म्हणायची, पांढऱ्या पायाची आणली. तुझ्या बापानं कधी काय म्हणलं नाही. पण गावात सगळे म्हणायचे. मग तू झालीस आन् आम्ही हिकडं निघून आलो." तिने कागदावरच्या रेघांवर बोट फिरवलं. "हे तुला माझ्यातून आलं का?"

मी घाबरले ते पुन्हा तेव्हा. कारण उत्तर मला माहीत नव्हतं, आणि ते हो असेल तर चाळीस वर्षांपूर्वी म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी माझ्या हाताने खरं करून देणार होते. मी म्हटलं, "राहू दे ना आई. काय करायचंय आता कळून?"

"मला कळायचंय," ती म्हणाली. "माझं बी रक्त घे."

त्रेसष्टाव्या वर्षी तिने अंधेरीला जाऊन रक्त दिलं. सुई घालणाऱ्या मुलीने विचारलं, "आजी, कशासाठी?" आई म्हणाली, "चौकशी हाय." आठवडाभराने अहवाल आला. शेहेचाळीस, सगळी जागच्या जागी. मी तिला दाखवलं. सहावी जोडी बघ, अकरावी बघ. दोन्ही सारखी. तिच्यातून नव्हतं आलं. म्हणजे बहुतेक वडिलांकडून, आणि वडील गेल्याला सहा वर्षं झाली होती.

मला वाटलं होतं ती मोकळी होईल. ती कितीतरी वेळ वडिलांच्या फोटोकडे बघत राहिली. "बरं झालं त्यांना माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली. मग एकदम ताठ झाली. "अक्कांना फोन लाव."

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. जालन्याकडे गावी एकटी राहायची. मला एवढंच ठाऊक होतं की तिचं लग्न मोडलं होतं आणि ती फारशी बोलत नाही. आईने फोन कानाला लावला आणि माझ्या कागदाकडे बघत, रेघांवर बोट ठेवत, तिला सगळं सांगितलं. अंगणवाडीत बायकांना सांगायची तसं, एकेक वाक्य थांबून. "अक्का, तुमची तीन गेली ना... व्हय. त्याच्यामुळं असंल. तुमच्या आन् ह्यांच्या रक्तातच ती अदलाबदल हाय बहुतेक. तुमी काय केलं नव्हतं. मी बी नव्हतं केलं." मग आत्याने एवढंच विचारलं, "पोरीचं लेकरू हालतंय का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "हालतंय," आई म्हणाली.

मुलगी फेब्रुवारीत झाली. रडली, दूध प्यायली, वजन आईने स्वतः काट्यावर बघितलं. भीती तेव्हा जायला हवी होती, सगळे म्हणत होते. ती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. पहिलं वर्षभर मी तिची मान धरण्याची, बसण्याची, बोलण्याची तारीख लिहून ठेवायची. ती आता शाळेत जाते, अखंड बडबडते, आणि तिच्या प्रत्येक पेशीत सहा आणि अकरा एकमेकांची टोकं धरून आहेत. एक दिवस मला तिला समोर बसवून दोन रेघा काढून हे सांगावं लागेल. ती किती वर्षांची असताना, कोणत्या शब्दांत, मला माहीत नाही. बेडूक ओरडतात तेव्हा माझ्या पोटात जी मूठ आवळली जाते ती आता त्या दिवसासाठी असते.

बाळाला बघायला आत्या आली होती, मार्चमध्ये, पांढऱ्या केसांची, लहानशी. येण्याआधी तिने आईला फोनवर विचारलं होतं, "माझं बी रक्त बघतील का?" अमोल तिला बाईकवर नाही, रिक्षाने घेऊन गेला अंधेरीला. अहवाल आला तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि चित्र तिच्या मांडीवर ठेवलं. तेच. सहा आणि अकरा, त्याच जागी, माझ्यासारखं आणि माझ्या मुलीसारखं. मॅडमची भाषा माझ्या तोंडात होती, पण मी ती बोलले नाही. फक्त बोट ठेवलं. "हे बघ आत्या. हे इथलं तिथे गेलंय."

तिने चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे माझं हाय?"

"हो. तुझंच."

"आन् हे असं व्हतं म्हणून ती तिन्ही राहिली न्हाईत."

"हो."

तिने त्या टोकावर नख ठेवलं. नखाखाली ते पूर्ण झाकलं गेलं.

"एवढंसं?" ती म्हणाली.

आतल्या खोलीत आई बाळाला थोपटत होती, तिचं थोपटणं थांबलं. आत्याने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि तो पिशवीत ठेवायला गेली, मग हातातच धरून बसली.

"पंचवीस वर्षांची व्हते गं मी, सासरच्यांनी घालवून दिली तवा," ती म्हणाली. "आता हे दाखवू कुणाला? तिकडचे सगळे मरून गेले."